नादोंची जीभ

बेडूक बुधवारपासून ओरडत होते.

क्वेबेकातल्या शोदिएर नदीच्या या काठावर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, की डबक्यातला बेडूक बोलला म्हणजे मेपलच्या झाडांचा रस काढून पाक आटवायचा हंगाम उठला. झाडांना कळ्या धरतात, रसाला कुबट चव येते. मग बुंध्यांतल्या तोट्या उपटायच्या, बादल्या धुऊन पालथ्या घालायच्या आणि गुऱ्हाळाला कुलूप ठोकायचं. पण बुधवारी सकाळी ओनेझिम नादोनं पळीभर रस तोंडात घेतला, डोळे मिटले आणि तो म्हणाला, "ठीक आहे." संपलं. बेडकांनी काय कुणाचे हंगाम बघितलेत?

त्यामुळे रविवारी सकाळी, शेंड्याशेंड्यांवर लाल कळ्या टिचलेल्या असताना, ओनेझिमचा मुलगा रेजाँ काहिलीखाली अजून लाकडं सारत होता.

रेजाँ बावन्न वर्षांचा होता आणि मनानं सरळ. वास त्याला गुरुवारपासून येत होता. कोबी उकडताना कुणी त्यात ओले मोजे टाकावेत, तसला वास. गुरुवारी त्यानं बूट बदलले. शुक्रवारी मोजे बदलले. शनिवारी, त्या आठवड्यात दुसऱ्यांदा, अंघोळ केली, तेव्हा बायकोनं, सोलांजनं, "कुणाचं लग्न आहे?" असं विचारलंही. वास काही जाईना. म्हणजे दोष नाकाचा. काहिलीतल्या पाकाचा दोष असेल हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. पाक बाबांनी चाखला होता ना!

"मळी काढ, मळी," ओनेझिम दारातून म्हणाला. एकोणऐंशीव्या वर्षीही तो दारात उभा राहिला की दार लहान वाटायचं. "वाफेकडं काय बघत बसलायस? तिच्यात देवदूत दिसतायत का?"

"काढतोय बाबा. बाबा, तो वास जरा..."

"कसला वास?"

रेजाँनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. "काही नाही. माझाच असेल."

"मग धू," म्हणून ओनेझिमनं विषय मिटवला.

नादोंची जीभ सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. ओनेझिमच्या बापाकडं, तेलेस्फोरकडं, ती होती. त्याच्याकडून ती ओनेझिमकडं आली, आणि तिच्याबरोबर लाकडी पळीही. हंगाम कधी सुरू करायचा, कुठला रस वेगळा आटवायचा, कधी थांबायचं, हे पळी ज्याच्या हातात तो ठरवायचा आणि बाकीचे राबायचे. लहानपणी रेजाँला वाटायचं, दाढी येते तशी एक दिवस जीभही येईल. दाढी आली, पिकलीसुद्धा. जिभेचा पत्ता नव्हता. तरी आज दुपारी तीन वाजता, शेजारीपाजारी बर्फावर ओतून गोठवलेला शेवटचा पाक खायला जमतील तेव्हा, बाबा पळी आपल्याच हातात देणार हे तो धरून चालला होता. दुसरं होतं कोण?

दुसरं जे कोण होतं ते त्याच वेळी अंगणातल्या चिखलात, शहरी बुटांनी, मोटारीतून उतरत होतं.

*

"वहिनी, अजून त्याच चुलीवर?" लिझेतनं स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या विचारलं. रेजाँची ही धाकटी बहीण क्वेबेक शहरात दातांच्या दवाखान्यात सगळ्यांच्या भेटी ठरवायची. त्यामुळे कुणी कधी तोंड उघडायचं हे आपण ठरवतो, असा तिचा साधारण समज झाला होता.

"चूल बदलायची तर नवराही बदलावा लागेल," सोलांज म्हणाली. "दोन्ही एकाच वर्षी आले."

कोपऱ्यात अंडी सोलत बसलेल्या एर्मिन आत्या हसल्या नाहीत, पण एक अंडं त्यांच्या हातून निसटलं. ओनेझिमची ही बहीण पन्नास वर्षं मठात होती. राहायला ननच उरल्या नाहीत म्हणून मठ बंद पडला, तेव्हा त्या माहेरी परतल्या. पन्नास वर्षांत त्यांनी गप्प बसायची कला पुरी साधली होती, आणि ती कुठं मोडायची हेही त्यांना कळत होतं.

सोलांज कढईत डुकराच्या चरबीचे तुकडे कुरकुरीत तळत होती. गावात सगळे त्यांना "येशूचे कान" म्हणतात. आत्या त्यांना "ते" म्हणायच्या, आणि सगळ्यांपेक्षा जास्त खायच्या.

"पेपरात बाबांची मुलाखत वाचलीस का?" लिझेतनं पिशवीतून घडी काढली. "काय बोललेत! ऐका. 'जीभ रक्तातून येते, असे श्री. नादो यांनी सांगितले. नदीपलीकडून सून आणता येते. जीभ आणता येत नाही.'" तिनं घडी छातीशी धरली. "वाचून मला भरूनच आलं. रक्तातून! म्हणजे फक्त मुलांनाच असं काही नाही. रक्त मुलीतही असतं."

"मुलीत तर जरा जास्तच असतं," आत्या म्हणाल्या.

सोलांजनं तुकडे उलटले. मुलाखत तिनं वाचली नव्हती, ऐकली होती. मंगळवारी तो पत्रकार काहिलीजवळ वही घेऊन उभा होता, आणि त्याला ताज्या पाकाची वाटी द्यायला सोलांज बरोबर त्याच्या मागं उभी होती. ती नदीपलीकडच्या ग्राव्हेलांची मुलगी. नदीकाठच्या एका कुंपणावरून नादो आणि ग्राव्हेल चाळीस वर्षं एकमेकांची तोंडं टाळत होते, आणि तरीही तिनं रेजाँशी लग्न केलं होतं. पंचवीस वर्षांत या घरानं तिला बरंच ऐकवलं होतं. पण ते वाक्य ऐकताना तिच्या हातातल्या वाटीची कड तिला बोटांत रुतली.

कारण ओनेझिमला चव कळत नव्हती, हे तिला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारात, सासूनं, ब्लांशनं, तिला जवळ बोलावलं होतं. घरातल्या बाकी सगळ्यांना वाटलं, दागिने देतेय. ब्लांशनं तिला एक खूण दिली. "तो पळी तोंडाला लावेल आणि माझ्याकडं बघायचा तसा तुझ्याकडं बघेल. रस चांगला असला तर तू एप्रनला हात पूस. बिघडला असला तर डोक्याचा रुमाल सारखा कर. बस्स. त्याच्याशी याबद्दल कधी बोलायचं नाही. मी चोपन्न वर्षांत बोलले नाही."

दोन हंगाम सोलांज आधी गुपचूप रस चाखून, ओनेझिमसमोर उभी राहून, हात पुसत आणि रुमाल सारखा करत आली होती. बुधवारी ती नुसती उभी राहिली. दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि खिडकीबाहेरच्या बेडकांकडं कान दिला. ओनेझिमनं तिच्याकडं बघितलं. मग परत बघितलं. मग डोळे मिटले आणि रक्तात असलेल्या जिभेनं सांगितलं, ठीक आहे.

"वहिनी, करपतंय," लिझेत म्हणाली.

"करपू दे," सोलांज म्हणाली. "चव घ्यायला तुम्ही आहात ना, नादो मंडळी."

*

बारा वाजता सगळे जेवायला बसले. वाटाण्याचं दाट सूप, घेवड्याचे दाणे, हॅम, अंडी, "ते", आणि धिरड्यांची चळत. मधोमध चिनी मातीच्या भांड्यात शनिवारचा पाक, काळाभोर. ओनेझिमनं प्रार्थना म्हटली. देवाचे आभार मानताना त्यानं स्वतःलाही अधूनमधून घेतलं.

भांडं पहिलं लिझेतकडं गेलं. तिनं धिरडं भिजवलं, एक घास घेतला आणि तिचे डोळे पाणावले. त्या पाकानं कुणाचेही पाणावले असते. पण तिनं ते भक्तीत जमा केले.

"बाबा! काय खोल चव आहे. जंगलाची. मातीची."

"बघ," ओनेझिम रेजाँला म्हणाला. "हिला कळतं."

रेजाँनं घास तोंडात घेतला आणि तो चावू लागला. लहान मूल औषध चावतं तसा चावत राहिला. 'हिला कळतं,' त्याच्या मनात आलं. 'मला मोजे लागतायत आणि हिला जंगल. म्हणजे पळी हिलाच जाणार.' त्यानं मोठ्या प्रयत्नानं घास गिळला आणि बायकोकडं बघितलं. सोलांजच्या ताटात धिरडं कोरडं होतं.

"तू पाक नाही घेतलास?"

"नको. मी नदीपलीकडची. मला काय कळणार त्यातलं?"

ओनेझिमनं मान वर केली. भांडं एर्मिन आत्यांकडं आलं. त्यांनी चमच्याच्या टोकावर थेंब घेतला, जिभेला लावला, चमचा खाली ठेवला, रुमालात काहीतरी सोडलं, आणि वर्गात पोरीचं चोरटं पत्र पकडलेल्या शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या:

"ओनेझिम, हा पाक नासलाय."

ओनेझिमनं भांडं बहिणीपुढून ओढून घेतलं.

"तुला मठात मेणबत्त्या खाऊन काही कळेनासं झालंय," ओनेझिम म्हणाला.

"मेणबत्ती याच्यापेक्षा बरी लागते. हे मी नुसतं चाखून सांगत नाहीये, वास घेऊनही सांगतेय. सकाळपासून घर भरलंय याच्या वासानं. मला वाटलं, लिझेतच्या मोटारीखाली काही मेलंय."

"आत्या!" लिझेत म्हणाली. "ही गडद चव असते शेवटच्या पाकाची. ज्याला सवय नाही त्याला..."

"तू दुसरा घास घे मग."

लिझेतनं धिरड्याकडं बघितलं. "माझं पोट भरलंय."

"मलाही येतोय," रेजाँ एकदम म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर तो स्वतःच दचकला. "वास. गुरुवारपासून. मी... मी अंघोळ केली."

"गुरुवारपासून!" लिझेतनं लगेच बाजू बदलली, ती या बाबतीत छपरावरच्या वारा दाखवणाऱ्या कोंबड्यापेक्षा चपळ होती. "आणि तू गप्प? चार दिवस नासका पाक आटवतोयस? तीन वाजता अख्खं गाव येणार आहे. आणि तो ग्राव्हेल सगळ्यांच्या आधी!"

"बाबा ठीक म्हणाले होते."

"मग वहिनी, तू? तू तर रोज काहिलीजवळ असतेस. तुला नाही कळलं?"

"कळलं की," सोलांज म्हणाली. "बुधवारी, पहिल्या थेंबाला."

"आणि बोलली नाहीस?" हे रेजाँ म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि अंघोळीचं दुःख जास्त होतं.

"मला विचारलं कुणी?"

ओनेझिमचे दोन्ही हात टेबलावर होते. त्यानं सोलांजकडं बघितलं, नेहमी बघायचा तसंच, आणि या वेळी टेबलाशी बसलेल्या एका माणसानं ते बघणं ओळखलं.

"हं," एर्मिन आत्या म्हणाल्या. "म्हणजे अजून तेच चालू आहे. खुणा करणारी संपावर गेली, म्हणून हे झालंय तर."

"एर्मिन, गप्प बस."

"पन्नास वर्षं बसले. रेजाँ, तुझ्या आईनं तुझ्या बापाला खुणा करून हंगाम चालवला. एकविसाव्या वर्षी लाकूडतोडीच्या छावणीत याच्या डोक्यात ओंडका पडला, तेव्हापासून याला कशाचा वास येत नाही. याला केरोसीन आणि कॉफी सारखीच. आता ब्लांशनंतर हे काम सोलांज करत असणार. ही सोडून इथं चव कळणारं आहे कोण?"

"आई?" लिझेत म्हणाली. "पण... नादोंची जीभ! आजोबा! तेलेस्फोर आजोबांना तर..."

"बाबांना चव छान कळायची. सकाळी दहापर्यंत. त्यानंतर ते घरच्या दारूच्या हवाली असायचे. दहानंतर आई चाखायची आणि काहिलीच्या कडेवर पळी वाजवायची. एकदा म्हणजे चांगला, दोनदा म्हणजे ओता. ओनेझिमचं लग्न झालं त्या हिवाळ्यात ब्लांशनं याच्या नाकाचं आईला सांगितलं, आणि आईनं तिला या टेबलाशी बसवून सगळं शिकवलं. मी चुलीमागं लोकर विंचरत होते. मला मठात जायचं होतं, म्हणून माझ्यासमोर बोलायला कुणी भीत नव्हतं."

ओनेझिम उठला. त्याला बहिणीवर ओरडायचं होतं. ब्लांशचं गुपित त्याला ठाऊक होतं. बापाचं त्याला नव्हतं. त्यानं टोपी घेतली आणि तो बाहेर गेला. दार त्यानं आपटलं नाही. तेच सगळ्यांना जास्त लागलं.

*

लिझेतनं पाच मिनिटांत सगळं जुळवून टाकलं. काहील करपली असं सांगायचं. मागच्या आठवड्याचे डबे तळघरात आहेत, ते गरम करून बर्फावर ओतायचे. बाबा पळी तोंडाला लावतील, वहिनी एप्रनला हात पुसेल, बाबा "ठीक" म्हणतील, आणि नंतरचं नंतर.

"हात पुसणार नाही," सोलांज म्हणाली.

"फक्त आजच्या दिवस!"

"सोलांज," रेजाँ मऊ आवाजात म्हणाला, "आजच्या दिवस कर. बाबांची अब्रू आहे. तुझा भाऊ आर्मां तिथं असणार. तो जन्मभर हसेल."

सोलांजनं ताटं गोळा करणं थांबवलं. नवरा बहिणीच्या बाजूला जाऊन उभा आहे, हे तिनं बघितलं. तो कुठं उभा राहतो याची तिला सवय होती. तिला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, की अजून तिला त्याचं वाईट वाटतं.

"पंचवीस वर्षं झाली. तू एकदा तरी मला विचारलंस, रेजाँ? 'सोलांज, आजचा पाक कसा झालाय?' बाजारात उभा राहून अनोळखी बायकांना विचारतोस."

रेजाँ विचार करू लागला. त्याच्या बाबतीत हे दिसायचं. कपाळापासून सुरू व्हायचं आणि हनुवटीपर्यंत यायचं.

"नाही," तो शेवटी म्हणाला.

"मग राहू दे."

"मठात एक बरं होतं," एर्मिन आत्या सूप बाजूला सारत म्हणाल्या. "आमचा नवरा देव. तो कधी समोर नसायचा, म्हणून त्याच्याबद्दल गैरसमज टिकायचे."

रेजाँ टोपी न घेताच बाहेर पडला.

*

ओनेझिम गुऱ्हाळात ओंडक्यावर बसला होता. काहिलीतला पाक फुगून वर येत होता. फेस बसवायला त्यात लोण्याचा खडा टाकायला हवा होता. तो उठला नाही. वाफ त्याच्या तोंडावर येत होती. त्याला ती फक्त ओली लागत होती.

अठ्ठावन्न वर्षं. छावणीत तो तीन दिवसांनी शुद्धीवर आला तेव्हा त्याला घेवड्याचे दाणे दिले होते, आणि ते गरम वाळूसारखे लागले होते. त्यानं कुणाला सांगितलं नाही. नादोला चव कळत नाही म्हणजे पाद्र्याला प्रार्थना येत नाही. लग्नानंतर ब्लांशनं एकदा सूप इतकं करपवलं, की कुत्रा बाहेर गेला. ओनेझिमनं दुसऱ्यांदा मागितलं. तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. हा माणूस एक तर संत आहे, नाही तर याला नाक नाही; आणि तो संत नाही हे तिला आठवड्यातच कळलं होतं. पुढच्या वर्षी बाप गेला, पळी हातात आली, आणि पहिल्याच सकाळी त्यानं वर बघितलं तर समोर ब्लांश एप्रनला हात पुसत होती. आभार मानायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं. त्यानं मानले नाहीत. उलट इतक्या वर्षांत, लोक जिभेचं कौतुक करत गेले तसं, आपल्याला खरंच काहीतरी कळतं असं त्याला वाटायला लागलं होतं. पेपरवाल्यासमोर तो खोटं बोलला नव्हता. ते जास्त वाईट होतं.

रेजाँ आत आला. बापाकडं न बघता त्यानं चुलाणाचं दार उघडलं आणि लांब आकड्यानं जळती लाकडं बाहेर ओढायला लागला.

"काय करतोयस? कुणी सांगितलं तुला?"

"नाकानं," रेजाँ म्हणाला.

एक एक लाकूड बाहेरच्या चिखलात फुसफुसत विझलं. काहिलीतलं उकळणं बसलं. ओनेझिमला वाटलं, आपण याला ओरडावं. नंतर वाटलं, या पोराला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न सांगता काही करताना बघतोय, आणि तेही माझ्याविरुद्ध. त्यानं पाय मागं घेतले, म्हणजे लाकडं ओढायला वाट होईल.

*

तीन वाजता तीसेक माणसं जमली. आर्मां ग्राव्हेल, सोलांजचा भाऊ, सगळ्यांत पुढं, नाक वर करून. लाकडी कोटंब्यात रानातला सावलीतला बर्फ दाबून भरला होता. लिझेतनं तळघरातले डबे आणून तो पाक गरम करून वाटायला सुरुवात केली होती आणि ती बापाजवळ उभी राहून हळूच सांगत होती, "काहील करपली म्हणा. करपली. एवढंच म्हणा."

"ओनेझिम," आर्मां म्हणाला, "आज तुमच्या बाजूनं वारा आला तर आमच्या गाई गोठ्यात परतल्या. काय उकळताय?"

लोक हसले. ओनेझिमनं पळी उचलली, नासक्या काहिलीत बुडवली, वर काढली. लिझेतनं डोळे मिटले. सगळे त्या पळीकडं बघत होते, आणि ओनेझिम सोलांजकडं. ती एर्मिन आत्यांच्या शेजारी उभी होती, हात खिशात.

त्यानं पळी तोंडाला लावली नाही. तो गर्दीतून चालत गेला. वाट मोठी नव्हती, पण त्याचे गुडघे दुखत होते. त्यानं पळी तिच्यापुढं धरली.

"सोलांज," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला कळत नाही. कधीच कळत नव्हतं. कसा आहे?"

सोलांजला वाटलं होतं, हे घडलं तर आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. तिनं हात खिशातून काढले. मग तिनं पळीच्या कडेला ओठ लावले.

"नासलाय," ती म्हणाली. "बुधवारीच हंगाम संपला. ओतून द्या."

"ओता," ओनेझिम म्हणाला.

मग आर्मां ग्राव्हेल मांडीवर थाप मारून हसला. "ऐकलंत का रे! नादोंची जीभ ग्राव्हेलांच्या तोंडात!"

"आधी लाप्वांतांच्या तोंडात होती. माझ्या आईच्या," ओनेझिम म्हणाला. "मग बुशेंच्या. ब्लांशच्या. तुमची पाळी जरा उशिरा आली, आर्मां, एवढंच. आणि तुझ्या तोंडात ती नाही. तू मघापासून तिसरी वाटी खातोयस, ती लिझेतनं तळघरातून आणलेली आहे. ताजी नाही."

आता लोक आर्मांवर हसले. तोही हसला, कारण वाटी संपायची होती. त्यांच्यामागं दोन म्हातारे पुटपुटत होते, की आपल्याकडंही खरं म्हणजे बायकोच... आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. लिझेतनं चटकन आपली जागा सोडली, सोलांजजवळ आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी नेहमीच म्हणायचे, वहिनीच्या हाताला चव आहे."

"मोटारीपाशी चिखल आहे," सोलांज म्हणाली. "बूट सांभाळ."

पळी तिनं घेतली. नंतर दोघांनी काहील मागच्या उतारावर ओतली, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला रेजाँ. काळा पाक पाचोळ्यातून, बर्फाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यांवरून ओघळत खाली गेला.

"सोलांज," रेजाँ काहील धरून म्हणाला, "मंगळवारचा कसा होता? बिघडायच्या आधीचा."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "चांगला होता. तू विस्तव जरा जास्त ठेवतोस."

"बरं," रेजाँ म्हणाला.

*

लोक गेले तेव्हा ऊन बुंध्यांपर्यंत उतरलं होतं. सोलांज गुऱ्हाळाच्या पायरीवर गाळणीची फडकी धूत होती. ओनेझिम येऊन, गुडघ्यांना शिव्या देत, तिच्या शेजारी बसला.

"ते पेपरवाल्यासमोरचं," तो म्हणाला.

"हं."

"तो मूर्खपणा होता."

"होता."

ती "असू दे, बाबा" म्हणेल म्हणून त्यानं थोडा वेळ वाट बघितली. ती म्हणाली नाही.

"कशी असते?" त्यानं विचारलं.

"काय?"

"चव. पाकाची."

"गोड."

"गोड मलाही कळतं. जिभेला तेवढं समजतं. बाकीचं विचारतोय. ज्याच्यासाठी लोक येतात ते."

सोलांजनं फडकं पिळलं. तिलाही हे कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

"पहिल्या आठवड्याचा पाक," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे तुम्ही जानेवारीत गोठ्यातून हाडं गारठून घरात येता, आणि चुलीपाशी कुणीतरी तुमची खुर्ची आधीच ओढून ठेवलेली असते. तसं."

ओनेझिमनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मधल्या दिवसांत त्या खुर्चीवर पांघरूणही असतं."

"आणि आजचा?"

"तीच खुर्ची. पण तिच्यावर मांजर ओकलंय."

तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यानं टोपीनं डोळे पुसले.

"ब्लांशनं मला हे कधी सांगितलं नाही. चोपन्न वर्षांत एकदाही नाही."

"तुम्ही विचारलंत?"

खाली रेजाँ एकटाच रिकामी काहील घासत होता, जोरजोरात, जणू तिनं त्याचं काही बिघडवलं होतं. ओनेझिम त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली.

"उद्या तोट्या उपटायला," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडाला इतकं अनोळखी होतं की ते दोन तुकड्यांत आलं, "किती वाजता... यायचं?"

"सहाला," सोलांज म्हणाली. "आणि उशीर नको."